चार्ज घेणारा आला नाही

रेणापूर
१४ जुलै २०२५

मकबूलभाई, सलाम.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या अष्टमीच्या सकाळी मी नेहमीसारखा चारला उठलो. मिलच्या मागच्या वस्तीतली माझी भाड्याची खोली तुम्ही पाहिलेली आहे. अंघोळ केली, घटापुढच्या अखंड दिव्यात तेल घातलं, आणि उंबऱ्यात येऊन बसलो. माझी पाळी पाचची. एकोणीस वर्षं त्या वेळेला मी बॉयलरपुढे उभा असायचो. त्या दिवशी पहिल्यांदाच हात मांडीवर ठेवून बसलो होतो आणि हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं.

पाचला भोंगा झाला. रात्रपाळीचे लोक काम सोडून बाहेर पडल्याचा गलका मला खोलीत ऐकू आला. सातला मी गेटवर तुमच्यात येऊन बसलो. तुम्ही आपला चहा अर्धा बशीत ओतून मला दिलात. दुपारी मॅनेजरने नोटीस लावली की पेटता बॉयलर सोडून पळालेल्या कामगारांना कामावरून काढलं आहे. पुढचं तुम्हाला माहीत आहे. लातूरच्या सगळ्या तेल मिलांचा तो संप बारा दिवसांत मिटला, बाकीच्या मिलांनी आपापली माणसं आत घेतली, आपल्याला मात्र नाही.

वकील मनिषाताईंनी प्रत्येकाची त्या सकाळची हकिकत मागितली आहे, असं तुम्ही कळवलंत, म्हणून लिहिलं. फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्या कानांना फोन चालत नाही. भरपाईचं काही होईल असं ताई म्हणतात का?

बेगमबी वहिनींना नमस्कार. आमच्याकडे संध्याकाळी भजन असतं. किशनराव अजून टाळ जोरात वाजवतात आणि अजून संघटनेचे अध्यक्ष असल्यासारखेच वाजवतात.

आपला,
दयानंद


नांदेड, इतवारा
२२ जुलै २०२५

दयानंदभाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र उमैमा वाचून दाखवायला लागली. मी म्हटलं, आण इकडं, बापाचे कान गेलेत, डोळे न्हाई. दुकानात मोटार वाइंडिंगला आलीय, तिची तार सोडवता सोडवता हे लिहून राहिलो, डाग पडले तर माफ करा.

मनिषाताईंनी तुमचा कागद वाचला आणि मला विचारलं, पाच ते सात कुठे आहे? तुमच्या खोलीपासून गेट दोनशे पावलं. भोंगा पाचला आणि चहा सातला. मी म्हटलं, पूजा करत बसला असंल, लई देवाचा माणूस हाय. बाई हसल्या न्हाईत.

ऐका आता. मॅनेजरची साक्ष झाली. तो म्हणतो, कामगारांनी भरली आग तशीच ठेवून पळ काढला, पाणी संपत आलं होतं, वस्ती उडाली असती, त्यानंच बाहेरून माणसं आणून साडेसहाला बॉयलर थंड केला. हे खरं धरलं तर आपण सत्तावीसच्या सत्तावीस गुन्हेगार. भरपाईचा विषयच संपला. बॉयलरची वही असती तर तासातासाचं दिसलं असतं. कंपनी म्हणते वही कामगारांनी पळवली. आपण म्हणतो कंपनीनं जाळली.

आता बॉयलरचं जाणणारा माणूस साक्षीला पाहिजे. प्रमाणपत्रवाले दोनच, तुम्ही आणि रात्रपाळीचा भीमा. त्या फितुराचं नाव मी काढणार न्हाई. शनिवारी मारुतीच्या पारावर सगळ्यांनी बेलभंडार उचलला की रविवारच्या पाचच्या भोंग्यापासून निकाल लागेस्तोवर आत पाय टाकायचा न्हाई. मी सुद्धा त्या हळदीवर आईच्या नावानं हात ठेवला. आणि हा रविवारी सगळ्यांच्या मागून बाहेर आला. मग किशनरावांनी भुशाच्या फाटकातून एक माणूस निघताना पाहिला, तोंडाला गमछा, डोक्यावर राख. चिमणीचा धूर बंद. बॉयलरवर दुसरा कोण जाणार? मालकाचं नुकसान नको म्हणून परत गेला. केसच्या यादीत अठ्ठावीस नावं होती, सेक्रेटरी म्हणून मीच माझ्या पेनानं त्याचं खोडलं. आता किनवटला आश्रमशाळेच्या वसतिगृहावर वॉचमन हाय म्हणतात.

२४ सप्टेंबरची तारीख हाय. तुम्ही या. नुसतं एवढं सांगा की भीमा निघाला तेव्हा बॉयलर कसा असायला पाहिजे होता.

मकबूल


रेणापूर
२९ जुलै २०२५

मकबूलभाई, सलाम.

पत्र मिळालं. मला साक्षीला येणं जमेल असं वाटत नाही. मी चार माणसांपुढे बोलणारा नाही. कोर्टात उलटं विचारतात, माझा गोंधळ होईल आणि तुमचंच नुकसान होईल. पाच ते सात मी खोलीत होतो, आणखी त्यात लिहिण्यासारखं नाही.

वहीबद्दल मी काय सांगणार.

भीमाबद्दल मात्र इतकं कडक लिहीत जाऊ नका. काम चोख करायचा. त्याची शेवटची नोंद सुद्धा सरळ होती, एका ओळीत, खाडाखोड नाही.

दुसरा कुणी जाणकार मिळतो का बघा.

दयानंद


नांदेड
८ ऑगस्ट २०२५

दयानंदभाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा बेगमबीला वाचून दाखवलं.

भीमाची शेवटची नोंद सरळ होती हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर म्हणता खोलीत होता. त्यानं शेवटची नोंद पाचला केली असंल, आणि त्यानंतर ती वही कुणाला दिसली न्हाई.

मी किशनरावांना फोन लावायला सांगितला. उमैमा बोलली. ते म्हणाले, दयानंद भजनात डोळे मिटून बसतो आणि केसचा विषय निघाला की चपला शोधायला लागतो. त्याला मिलवाल्यांनी गाठलं असणार. बेगमबी माझ्यावर चिडली. म्हणाली, रोज्याच्या दिवसांत तुम्हाला आग सहन होत न्हाई म्हणून भट्टीशेजारचं तुमचं काम स्वतः करणारा माणूस, तो विकला जाईल का? मी म्हटलं, मला काय माहीत, विचारतो.

तर विचारतो. तुम्ही विकले गेलात का? हाव का न्हाई, एवढंच लिहा, एका ओळीत, खाडाखोड न करता.

आणि लिहायच्या आधी चतुराबाईंची आठवण करा. झाडूवाल्या बाई, सत्तावीसमधल्या एक. सहा वर्षांत एक तारीख चुकवली न्हाई त्यांनी. फडक्यात भाकरी बांधून येतात, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसतात, आत नाव पुकारलं की पदर सावरून उभ्या राहतात. पुढची तारीख मिळाली की विचारतात, मकबूल, पेटता बॉयलर म्या सोडला का रे? म्या तर फरशी पुसत होते.

मकबूल


रेणापूर
२४ ऑगस्ट २०२५

मकबूलभाई,

पावसाने आठ दिवस इकडची एसटी बंद होती. टपाल पडून होतं. तुमचं पत्र काल मिळालं. तुम्ही एवढे दिवस माझ्या गप्प राहण्याचा काय अर्थ लावला असेल ते मला समजतं. पण पाऊस नसता तरी मी आठ दिवस घेतलेच असते, हेही खरं.

विकला गेलो नाही. पण हिशेबाने त्याच्या फार लांबही नाही. नीट लिहितो.

पाचला भोंगा झाला. साडेपाचच्या सुमाराला मला सेफ्टी व्हॉल्व्ह ऐकू आला. वाफ प्रमाणाबाहेर चढली की ती शीळ सुटते. आग बंद करून सोडलेला बॉयलर शीळ घालत नाही, त्याची वाफ उतरत जाते. शीळ याचा अर्थ कुणीतरी त्याला भुसा घालत होतं. माझ्या खोलीची मागची भिंत आणि बॉयलर यांच्यात साठ-सत्तर पावलं. वस्तीत लेकरं झोपलेली. मी घटाकडे बघितलं. आदल्या संध्याकाळी बेलभंडार उचललेला हात माझाच होता. किती वेळ उभा राहिलो आठवत नाही, फार नसेल. गमछा तोंडाला बांधला आणि भुशाच्या फाटकातून आत गेलो.

मॅनेजर होता आणि दोन नवखे इसम. मिल चालू ठेवून संप मोडायचा म्हणून त्यांनी भट्टीत भुसा लोटायला सुरुवात केली होती. पाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसत नव्हतं. अशा वेळी थंड पाणी सोडलं तर तो फुटतो. मी त्यांना बाजूला केलं, भट्टीला हवा देणारा पंखा बंद केला आणि आग बाहेर ओढायला लागलो. अर्धा तास लागला. वाफेच्या दाबाचा काटा उतरायला लागल्यावर मी वही उघडली, आपल्या हाताने नोंद केली.

त्याच्यावरची ओळ भीमाची होती. पाच वाजता: काटा सहावर, उतरता. भुसा बंद. पाणी पूर्ण. चार्ज घेणारा आला नाही.

तुम्ही तेलघराकडचे, म्हणून सांगतो. बॉयलर कधीच बेवारस सोडत नाहीत. जाणारा लिहितो चार्ज दिला, येणारा लिहितो चार्ज घेतला, मगच पहिला हलतो. त्या सकाळी येणारा मी होतो.

खाली माझी ओळ. सहा दहा: काटा साडेदहावर, पाणी दिसत नाही, आग काढली.

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "तू आत आलास हे मी कुणाला सांगणार नाही. तू काय बघितलंस ते तू सांगू नकोस." मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. तिथून निघालो तो सातला तुमच्या चहावर आलो, मधे खोलीवर जाऊन नळावर डोकं धुतलं.

आणि मिलमधून निघताना वही माझ्या काखेत होती. चोरीचा विचार मनात नव्हता. खंडेनवमीला बॉयलरची पूजा व्हायची, आणि चालू वही मोठ्या उस्तादाने अष्टमीला घरी न्यायची, देव्हाऱ्यात ठेवायची, दसऱ्याला परत आणायची, अशी आमच्या बॉयलरवर जुनी रीत होती. दोन दिवस सुट्या कागदावर लिहायचं. एकोणीस वर्षांच्या सवयीने ती काखेत मारली. दसऱ्याला परत न्यायला गेलो तर गेटला कुलूप होतं.

सहा खंडेनवम्या ती माझ्या देव्हाऱ्यात आहे. दर वर्षी हळदकुंकू चढतं. बायकोला वाटतं जुनं पोथीचं बाड आहे.

भीमाचं नाव तुम्ही खोडलंत त्या बैठकीत मी तुमच्या उजव्या हाताला बसलो होतो. मला वाटलं, आता बोलू. मग किशनराव भीमाच्या अंगावर थुंकले, आणि मी बोललो नाही.

आता तुम्ही सांगाल ते.

दयानंद


नांदेड
१४ सप्टेंबर २०२५

दयानंदभाऊ,

वीस दिवस लिहिलं न्हाई. दोनदा कागद घेतला, दोनदा फाडला. पहिल्या कागदावर जे लिहिलं होतं ते तुम्ही वाचलं न्हाई हे बरं झालं.

वहीची रीत मला आठवायला पाहिजे होती. तुम्ही खंडेनवमीला वहीला हार घालायचा आणि मी म्हणायचो, दयानंदभाऊ, तिला पेढा पण चारा. सहा वर्षं कोर्टात आपण बोंबलून राहिलो की कंपनीनं वही जाळली.

रागाचं नंतर. कामाचं बोलतो. मनिषाताईंना सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, पाचला काटा सहावर उतरता आणि पाणी भरलेलं, सहा दहाला साडेदहा आणि पाणी न्हाई, याचा अर्थ कामगार गेल्यावर कुणीतरी आग घातली. या दोन ओळींवर केस उभी राहते.

पण एक गोष्ट हाय. किशनराव इकडं येऊन गेले. मी त्यांना सांगितलं, सांगावंच लागलं. मग म्हणाले, तुम्ही शपथ मोडून आत गेला हे बाहेर आलं तर संघटनेत कोण कुणाचा राहणार न्हाई. कंपनीचा वकील विचारंल, तुमचाच माणूस काम करत होता तर संप कसला? म्हणून असं म्हणायचं की संघटनेनंच तुम्हाला पाठवलं. वस्तीच्या काळजीपोटी, बैठकीत ठरवून. ठरावाचं एक पान जुन्या रजिस्टरात बसवता येतं. त्यात तुमची इज्जत राहते, आमची राहते, बेलभंडार पण राहतो.

मनिषाताईंना यातलं काही सांगितलं न्हाई.

भीमाचं विचाराल. त्याचं नाव आता घालायला गेलो तर का काढलं होतं ते सांगावं लागंल. ते पान उलटायची हिंमत माझ्यात आज न्हाई. निकाल लागू द्या, मग आपण दोघं जाऊ किनवटला, काहीतरी देऊ, माफी मागू.

नुसतं हो म्हणायचं हाय तुम्हाला, संघटनेनं पाठवलं का, हो. मला माहीत हाय, वही तुमच्या हातात हाय, माझ्या न्हाई.

मकबूल


रेणापूर
२६ सप्टेंबर २०२५

मकबूलभाई, सलाम.

परवा तुमची गाडी अहमदपूरच्या अलीकडेच पाण्याने अडली, असं मनिषाताईंना कळलं. तुम्ही कोर्टात नव्हता, म्हणून झालं ते लिहितो. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून कळावं.

आधी किनवटचं. वीस तारखेला मी वही फडक्यात गुंडाळून निघालो. नांदेडला गाडी बदलायला दीड तास होता. इतवारा चालत जाण्याच्या अंतरावर होता, तरी मी स्टेशनवरच बसून राहिलो. तुम्ही समोर आला असता तर मी तुमचं ऐकलं असतं.

भीमा वसतिगृहाच्या फाटकावर स्टुलावर बसला होता. केस पिकलेत. मला बघून उठला.

"काय उस्ताद, हिकडं कसं?"

"तुझ्याकडंच."

"माझ्याकडं मिलचं कुणी येत न्हाई. वाट चुकला असाल."

मी वही उघडून त्याच्या हातात दिली. वाटलं होतं तो माझी ओळ वाचेल आणि वही तोंडावर फेकेल. त्याने माझी ओळ वाचलीच नाही. स्वतःच्या ओळीवर बोट ठेवून बसला.

"सहावर होता न्हवं काटा?"

"सहावर होता."

"म्या घरात सांगत होतो, सहावर सोडला म्हणून. बायकूला बी पटंना. मग मलाच वाटाय लागलं, साडेआठ होता का काय."

मी मग सगळं सांगितलं. गमछा, राख, फाटक, बैठक. तो ऐकत होता, मधेच उठून दोन पोरांना पावसातून आत हाकललं, पुन्हा बसला.

"उस्ताद, तुमी पाचला का न्हाई आला?"

"संप होता, भीमा."

"माझा बी होता. पण भोंगा झाल्यावर पंधरा मिनटं म्या थांबलो. म्हटलं, दयानंद उस्ताद चार्ज घेतल्याबिगर ऱ्हायचे न्हाईत. म्हणून तर मागनं निघालो."

मकबूलभाई, तो सगळ्यांच्या मागून का बाहेर आला, ते हे. माझी वाट बघत होता.

मी त्याला तारखेला चल म्हणालो. म्हणाला, सहाला फाटक उघडावं लागतं, रजा मिळत नाही. माफीचं बोलायला गेलो तर म्हणाला, चहा घ्या, साखर कमी हाय. निघताना एवढंच म्हणाला, "कोर्टात वाचताना माझी ओळ बी वाचा. निस्ती तुमची नगा वाचू."

चोवीसला मी कोर्टात उभा राहिलो. शपथ घेतली. मनिषाताईंनी आधी भीमाची ओळ वाचायला सांगितली, मी विचारायच्या आधीच. मग माझी. हळदकुंकवाचे डाग बघून न्यायाधीश साहेबांनी पानं फार काळजीने उलटली.

मग कंपनीचे वकील उठले. वही चोरली का, विचारलं. मी रीत सांगितली. दसऱ्याला परत करायला हवी होती, केली नाही, म्हणालो. आत कुणी पाठवलं, संघटनेने का, हेही विचारलं. किशनराव पहिल्या बाकावर होते, माझ्याकडे बघत होते. तुमचं पत्र माझ्या खिशात होतं.

मी म्हणालो, "नाही. संघटनेने कुणी आत जायचं नाही असं ठरवलं होतं. मी बेलभंडार उचलला होता. तो मोडून गेलो."

"म्हणजे तुमच्या संघटनेला वस्तीची फिकीर नव्हती."

"होती. भीमाने आग बंद करून, पाणी भरून बॉयलर सोडला होता. फिकीर भुसा घालणाऱ्यांना नव्हती."

मग ते म्हणाले, "भीमा तर निघून गेले. पाचनंतर त्या बॉयलरची जबाबदारी कोणाची होती?"

हा प्रश्न येणार हे मला किनवटहून परत येतानाच माहीत होतं. पाच वाजता माझी पाळी. मी म्हणालो, "माझी होती. पाचला येऊन चार्ज घ्यायला हवा होता. मी साडेपाचनंतर गेलो."

माझ्या एकट्याच्या भरपाईवर याचा परिणाम होईल, असं मनिषाताई बाहेर आल्यावर म्हणाल्या. बाकी सगळ्यांची बाजू मात्र आता पुष्कळ भक्कम झाली आहे. निकालाची तारीख पुढच्या महिन्यात मिळेल.

किशनराव माझ्याशी न बोलता निघून गेले. काल भजनाला गेलो तर माझ्या जागेवर सतरंजी घातलेली नव्हती. जमिनीवर बसलो. उठवलं कुणी नाही.

चतुराबाई लिंबाखाली बसल्या होत्या. मी समोरून जात होतो तर म्हणाल्या, "सहा वर्सं आमाला हितं बसवलंस रे दयानंदा." मी उभा राहिलो. त्यांनी फडकं सोडून भाकरी मोडली, अर्धी माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "खा. राग गेला म्हणून देत न्हाई."

आज घरी देव्हारा रिकामा दिसतो. वही कोर्टात जमा केली, पोच माझ्याकडे आहे. खंडेनवमी पाच दिवसांवर आली आहे. या वर्षी देव्हाऱ्यात ती पोच ठेवणार आहे.

या पत्रासोबत एक अर्ज आहे. भीमाचं नाव यादीत पुन्हा घालण्याचा. ते का खोडलं गेलं आणि खरा आत गेलेला माणूस कोण, हे त्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं आहे. तुमच्याविरुद्ध काही लिहिलेलं नाही. मनिषाताई म्हणतात, उशीर झाला आहे, पण सेक्रेटरीची सही असेल तर दाखल करता येईल.

मी माझ्या जागी सही केली आहे. तिच्याखाली तुमची जागा आहे.

आपला,
दयानंद